फ्रेंच रिव्हिएराला येताय, पण बीच कुठला करायचा? सारखे विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की मला मेसेज यायला सुरुवात होते. चुलतभाऊ, कॉलेजची मैत्रीण, मैत्रिणीच्या नणंदेचे मिस्टर, सगळ्यांचं एकच, जूनमध्ये नीसला येतोय, बीच कुठला करू? मी नीसजवळ आँतिबला राहते, ऑफिस सोफिया आंतिपोलिसला, इथे आता नववं वर्ष चालू आहे आणि माहेर दापोलीकडचं, त्यामुळे समुद्र म्हटलं की मला बोलायला आवडतं आणि मनापासून बोलते. पण दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. घाईत असाल तर पहिला आणि दुसरा प्रश्न तरी नक्की वाचा.

प्रश्न: एकच नाव सांग ना, बेस्ट बीच कुठला?

आधी मला सांगा बरोबर कोण आहे. गुडघे दुखणारे सासू-सासरे, तीन वर्षांचं पोर, नुकतं लग्न झालेलं जोडपं, की चार मित्र ज्यांना दगडावरून उड्या मारायच्यात? या किनाऱ्यावर दर दोन-तीन किलोमीटरवर बीच बदलतो, एकीकडे मऊ वाळू, पुढच्या वळणावर मुठीएवढे गोटे, त्याच्यापुढे नुसता कातळ. लोक फोटोतला पाण्याचा रंग बघून ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण निळा रंग सगळीकडेच आहे हो, इथून तिथून निळाच. फोटोत पायाखाली काय आहे ते दिसत नाही, सावली किती वाजता येते ते दिसत नाही, खाली उतरायला पायऱ्या किती तेही दिसत नाही. मी बीच सांगते तो या तीन गोष्टींवरून सांगते.

तरी अगदीच एक नाव हवं असेल तर पहिल्यांदा येणाऱ्या फॅमिलीला मी डोळे झाकून व्हिलफ्रांशचा मारिनिएर बीच सांगते. का ते खाली येईलच.

प्रश्न: आमचं हॉटेल नीसमध्येच आहे, समोरच समुद्र आहे, मग तिथेच पोहलो तर काय बिघडलं?

बघायला जरूर जा, संध्याकाळी प्रोमनाद देझांग्लेवर त्या निळ्या खुर्च्यांवर तास-दोन तास बसा, ७ किलोमीटरचा रस्ता आहे, असं चालणं दुसरीकडे मिळणार नाही. पण पोहायचं म्हणाल तर नीसचा बीच म्हणजे वाळूचा कणही नाही, सगळे गुळगुळीत करडे गोटे. वार आणि पायों या नद्यांनी आल्प्समधून घरंगळत आणलेले. आणि किनारा एकदम उतरता आहे, चार-पाच पावलं टाकली की पाय टेकत नाहीत. आपल्याकडे दापोली-मुरुडला कमरेएवढ्या पाण्यात जायला किती चालावं लागतं आठवा, तसं इथे अजिबात नाही.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी स्वतः नवीन होते, मला हे कळलं नव्हतं. ती घरातल्या रबरी चपलांवर पाण्यात उतरली, आत जाताना काही वाटलं नाही, पण बाहेर येताना लाट मागे ओढली गेली की पायाखालचे गोटे पण तिच्याबरोबर खाली घसरतात, खळ्ळ असा मोठा आवाज येतो, आणि उभं राहायला जागाच उरत नाही. ती दोनदा उभी राहिली, दोनदा बसली, एक चप्पल वाहून गेली, गुडघा सोलवटला. शेजारी पोहणाऱ्या एका आजीबाईंनी तिला हाताने खुणा करून शिकवलं, उभं राहायचंच नाही, किनाऱ्याकडे पाठ करून बसायचं, लाट आली की तिच्याबरोबर हातांवर जोर देऊन मागे सरकायचं, असं दोन-तीन लाटांत वर. इथले म्हातारे लोक सगळे असंच करतात, नंतर मी नीट बघितलं. तेव्हा नीसला पोहायचं असेल तर पायात घट्ट बसणारे पाण्याचे शूज घ्या, दहा-पंधरा युरोत कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतात, आणि ज्या दिवशी समुद्र सपाट असेल त्याच दिवशी उतरा. शक्यतो सकाळी, दुपारनंतर वारा सुटतो.

प्रश्न: भरती-ओहोटीच्या वेळा कुठे बघायच्या?

हा प्रश्न फक्त कोकणातली माणसं विचारतात आणि मला फार आवडतो. बघायची गरज नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ बंद आहे, अटलांटिकला जोडणारी जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी साधारण १४ किलोमीटर, त्यामुळे इथे पाणी वर-खाली होतं ते वीत-दोन वीत. आपल्याकडे उधाणाला जे दोन-तीन मीटर चढतं-उतरतं त्याच्यापुढे काहीच नाही. आईला पटेना, तिने आमच्या आँतिबच्या सॅलिस बीचवर पाण्याच्या कडेला आईस्क्रीमची काडी खोचून ठेवली आणि तीन तासांनी जाऊन बघितली, काडी तिथेच. "अगं हे पाणी मागे जातच नाही का गं?" मग शिंपल्या गोळा करायला ओल्या वाळूचा पट्टा पण मिळत नाही याचं तिला खरंच वाईट वाटलं.

याचा फायदा असा की सकाळी जिथे टॉवेल टाकला तिथेच संध्याकाळपर्यंत निवांत बसता येतं. आणि पाणी जास्त खारट आहे, लिटरला साधारण ३८ ग्रॅम मीठ, उताणं पडून तरंगायला एकदम सोपं. स्वच्छ दिसतं त्याचं कारण म्हणजे पावसाळ्यातल्या नद्यांचा गाळ नाही आणि पाण्यात शेवाळ वाढायला लागणारं खाद्यही कमी.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यायची का?

बीचसाठी नको. उन्हाळ्यात पार्किंग मिळत नाही, मिळालं तर महाग, आणि बॅगा गाडीत ठेवून पोहायला गेलात तर काचा फुटायची भीती. किनाऱ्याला चिकटून लोकल ट्रेन जाते, टीईआर म्हणतात, मुंबईकरांना तर घरच्यासारखं वाटेल, गर्दीसकट. नीसहून पूर्वेकडे जाताना उजव्या हाताच्या खिडकीत बसा, बोगदा संपला की समुद्र, परत बोगदा, परत समुद्र.

पूर्वेकडची स्टेशनं क्रमाने सांगते. नीस शहर सोडलं की पहिलं व्हिलफ्रांश, सात-आठ मिनिटांत. ट्रेनमधून उतरलात की बीच अक्षरशः स्टेशनच्या खाली, जिना उतरला की मारिनिएर. जाडसर वाळू, उतार जरा सौम्य, आणि आजूबाजूला डोंगर असल्यामुळे खाडी एकदम शांत. ही खाडी इतकी खोल आहे की मोठी क्रूझ जहाजं मध्येच नांगर टाकून उभी असतात. ऊन पण उशिरापर्यंत राहतं. खोटं नाही सांगत, जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी दहाच्या पुढे टॉवेल टाकायला जागा नसते, नऊला पोचा.

मग बोलिओ, तिथला बीच पेटीत आफ्रीक, म्हणजे छोटी आफ्रिका, मागच्या कड्यामुळे थंड वारा लागत नाही म्हणून ते नाव. पुढे एझ, तिथे गोटे आहेत पण गर्दी त्यामानाने कमी, आणि ज्यांना डोंगर चढायचाय त्यांनी तिथूनच नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावाची पायवाट धरून वर जुन्या गावात जायचं, गाव साधारण ४२९ मीटरवर आहे, चढायला दीड तास धरा, उन्हात अजिबात करू नका. पुढे काप-दाय, तिथला माला बीच फोटोवाल्यांचा लाडका, उंच कड्याच्या पायथ्याशी लपलेला. शंभराच्या वर पायऱ्या आहेत आणि दुपारी कड्याची सावली लवकर येते, म्हणजे सकाळीच जायचा बीच आहे तो, संध्याकाळी चारला पोचून "ऊन कुठे गेलं" म्हणू नका. मग मोनॅको, लारवोतो बीच माणसांनी बनवलेला, २०२१ मध्ये नवा केलाय, सगळ्यांना खुला आहे, जेलीफिशसाठी जाळी लावतात. मला तिथे समुद्राशी आल्यासारखं वाटत नाही, पण लिफ्ट, टॉयलेट, सावली सगळं नीटनेटकं, व्हीलचेअर असेल तर विचार करा.

त्यापुढे रोकब्रून. इथे थोडं थांबते कारण आपल्या लोकांना हे सहसा माहीत नसतं. चंदीगड शहर आखणारा ले कोर्ब्युझिए, त्याची छोटीशी लाकडी खोली या बीचच्या वर आहे, काबानों म्हणतात, १९५२ ची, आता युनेस्कोच्या यादीत आहे. एवढी मोठी मोठी शहरं आणि इमारती काढणारा माणूस सुट्टीला या एवढ्याशा खोलीत राहायचा आणि खाली पोहायला जायचा, आणि २७ ऑगस्ट १९६५ ला इथेच पोहताना गेला. खालचा ब्यूझ बीच गोट्यांचा आहे, सोयी फारशा नाहीत, पण संध्याकाळी तिथे बसून मोनॅकोचे दिवे लागताना बघणं मला सगळ्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त आवडतं.

शेवटी माँतों, लिंबांचं गाव, इटलीच्या सीमेवर. साब्लेत बीच जुन्या रंगीत घरांच्या अगदी खाली, बांधाच्या आत पाणी शांत, म्हाताऱ्या माणसांना चालायला सपाट.

प्रश्न: आमचं पिल्लू तीन वर्षांचं आहे, कुठे नेऊ?

आँतिबचा ला ग्रॅव्हेत. माझ्या गावचा म्हणून सांगत नाही, मी स्वतः भाचीला तिथेच पहिल्यांदा पाण्यात उतरवलं. जुन्या तटबंदीत एक कमान आहे, बंदराच्या बाजूने त्या कमानीतून आत शिरलं की एकदम वाळूचा बीच, समोर दगडी बांध घातलेला असल्यामुळे लाटच येत नाही, पाणी गुडघ्याएवढं बरंच लांबपर्यंत. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं सपाट चाल. फक्त सावली नाही, छत्री घरून न्या, आणि मुलांना पूर्ण हाताचा स्विमसूट घाला, दुपारी बारा ते चार चक्क घरी झोपवा. इथे जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, पाचला परत आलात तरी चार तास मिळतात. हे आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही, सहाला आवरून निघतात, तेव्हा खरी मजा सुरू झालेली असते.

ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना घेऊन सॅलिसला जा, रस्त्याला लागूनच वाळू, बसायला भिंत, समोर जुनं आँतिब आणि हवा स्वच्छ असेल तर मागे बर्फाचे डोंगर. ज्यूआन-ले-पँला वाळू अजून बारीक, पण बराच भाग हॉटेलवाल्यांच्या छत्र्यांनी भरलेला.

प्रश्न: प्रायव्हेट बीच म्हणजे आपल्याला बंदी का? पैसे द्यायलाच लागतात का?

नाही नाही, हा गैरसमज काढून टाका. किनारा सरकारचा आहे, १९८६ चा किनाऱ्याचा कायदा आहे, पाण्याच्या कडेने कुणीही चालू शकतं. प्रायव्हेट म्हणजे नगरपालिकेने मोसमापुरती भाड्याने दिलेली जागा, तिथे गादीच्या खुर्चीचे पैसे, ते वीस-तीस युरोपासून सुरू होतात आणि नावाजलेल्या ठिकाणी बरेच वर जातात. नैसर्गिक बीचचा ८० टक्के भाग मोकळाच ठेवायचा असा नियम आहे. "प्लाज प्युब्लिक" पाटी शोधा, तिथे टॉवेल टाका, शॉवर बहुतेक ठिकाणी फुकट. टॉयलेट मात्र कमी, येण्याआधी जाऊन या. आणि सिगरेट ओढणारे कोणी असतील तर सांगून ठेवा, २०२५ पासून पोहण्याच्या मोसमात बीचवर बंदी आहे, दंड होतो.

गुडघेदुखीवाली माणसं बरोबर असतील तर एक दिवस खुर्चीचे पैसे द्या, मी आईसाठी देते. गोट्यांवर दोन तास बसून पाठ धरली की पुढचे दोन दिवस फुकट जातात.

प्रश्न: कपडे काय घालायचे? सासूबाई पंजाबी ड्रेसमध्ये आल्या तर लोक बघतील का?

कोणी बघत नाही. खरंच नाही. बीचवर सत्तरीच्या बायका बिकिनीत असतात, काही जणी वरचे कपडे न घालता झोपलेल्या असतात, ते इथे चालतं, मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे बोट दाखवत नाहीत. तुम्ही काठावर सलवार-कुर्त्यात बसा, लेगिंग आणि टी-शर्टवर पाय बुडवा. पोहायचं असेल तर लायक्राचा पूर्ण बाह्यांचा सूट आणा, ओला कॉटनचा कुर्ता जड होतो आणि खोल पाण्यात ते धोक्याचं आहे, म्हणून सांगतेय. उलट बीचवरून गावात शिरताना मात्र अंगावर काहीतरी घाला, मोनॅकोत तर उघड्या अंगाने रस्त्यावर फिरलं तर दंड आहे.

प्रश्न: शाकाहारी आहोत, बीचवर खाणार काय?

सोक्का! हे वाचून आपल्या लोकांना आनंदच होतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं, वर भरपूर मिरपूड. बेसनाचं धिरडंच की ते, फक्त कडा काळपट कुरकुरीत आणि आत मऊ. नीसच्या जुन्या गावात आणि आँतिबच्या मार्केटमध्ये मिळतं, कागदात गुंडाळून देतात, गरमच खायचं, गार झालं की लादा होतो. आईने पहिला घास खाल्ला आणि म्हणाली यात ओवा आणि हिरवी मिरची पाहिजे होती, दुसऱ्या वेळी पर्समधून ठेच्याची बाटली काढली. उन्हाळ्यात भोपळ्याच्या जातीच्या फुलांची भजी पण मिळतात, अंडं आहे का तेवढं विचारा.

सावध कुठे राहायचं ते पण सांगते. पिसालादिएर दिसायला कांद्याचा पिझ्झा, पण त्यात मासा असतो, अँकोवी. पाँ-बान्या म्हणजे बीचवर सगळे खातात तो गोल पाव, त्यात ट्यूना. नीसचं सॅलड, त्यातही तेच. भरलेल्या भाज्या दिसतात, त्यात बहुतेक मांसाचा खिमा असतो. "साँ व्हियांद, साँ प्वासाँ" म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करा. नळाचं पाणी पिण्याचं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

प्रश्न: कुठल्या महिन्यात पाणी बरं असतं?

मे महिन्यात १७-१८ डिग्री, आपल्या माणसांना दात वाजतात. जूनच्या मध्यापासून २१ च्या आसपास, ऑगस्टमध्ये २४-२५. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे, पाणी अजून कोमट, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी निम्मी आणि हॉटेल पण उतरलेलं. पण मुलांच्या शाळेमुळे मे सोडून जमत नाही हे मला माहितीय, मग मेमध्ये पोहणं मनात न धरता किनाऱ्याच्या पायवाटा करा. व्हिलफ्रांशसमोरच्या काप-फेरा भूशिराला वळसा घालणारी, किंवा आँतिबला गारूप बीचवरून सुरू होणारी तिरपॉइल. वारा जास्त असेल तर या पायवाटा बंद ठेवतात, गेटवरची पाटी बघा आणि बंद असेल तर खरोखर जाऊ नका, लाट कातळावरून माणसाला उचलते.

गारूपवरून आठवलं, शंभर वर्षांपूर्वी इथे उन्हाळ्यात कोणी यायचंच नाही, श्रीमंत लोक फक्त हिवाळ्यात थंडी चुकवायला यायचे. १९२० च्या दशकात जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्याने गारूपवरचं समुद्रगवत बाजूला करून बसायला जागा केली, मित्र बोलावले, आणि तिथून उन्हाळ्यात बीचवर पडून राहायची फॅशन पसरली. छोटासा बीच आहे, पण सकाळी आठला जाऊन बघा.

प्रश्न: बीचवर तपकिरी पाला पडलाय आणि जेलीफिश पण आहेत म्हणे, घाण आहे का?

पाला म्हणजे पोसिडोनिया, शेवाळ नसून पाण्याखाली वाढणारी वनस्पती. ती आहे म्हणून वाळू टिकते आणि मासे वाढतात, तिची पानं वाहून येतात, घाण नाही. जेलीफिशचं मात्र गंभीर घ्या. जांभळट-गुलाबी, मुठीएवढी, फार आग होते. चावली तर गोड्या पाण्याने धुवू नका, त्याने वाढतं, समुद्राच्याच पाण्याने धुवा, अंगाला चिकटलेलं कार्डाच्या कडेने खरवडून काढा आणि जीवरक्षकाच्या केबिनकडे जा. श्वासाला त्रास झाला तर ११२ ला फोन. पाण्यात उतरण्याआधी केबिनवरचा झेंडा बघायची सवय लावा: हिरवा ठीक, पिवळा सांभाळून, लाल म्हणजे नाही, जांभळा म्हणजे पाणी खराब किंवा पाण्यात धोक्याचे जीव.

प्रश्न: सँ-त्रोपे करायचं का? आणि कान शहर?

सँ-त्रोपेला ट्रेन जात नाही आणि उन्हाळ्यात रस्त्यावर तासन्‌तास अडकता. पाम्पलोन बीच सुंदर आहे, साडेचार-पाच किलोमीटर वाळू, पण आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये एक अख्खा दिवस त्याला द्यावा असं मला वाटत नाही. त्यापेक्षा कानहून बोटीने पंधरा मिनिटांत सँत मार्गरीत बेटावर जा, पाइन आणि निलगिरीची दाट सावली, कातळातले छोटे छोटे कोपरे, डबा घेऊन जायचं आणि दिवसभर राहायचं. कानचा मुख्य क्रॉइझेत बीच बाहेरून आणलेल्या वाळूचा. त्यापुढे ट्रेनने एस्तरेलचे लाल डोंगर लागतात, अगे स्टेशनला उतरलात की लाल कातळ आणि घोड्याच्या नालेसारखी वाळूची खाडी, ते आवर्जून करा. वाऱ्याच्या दिवशी आगीच्या भीतीने डोंगरातल्या वाटा बंद असतात, बीच चालू असतो.

प्रश्न: आमच्याकडे एकच दिवस आहे, काय करू?

सकाळी आठच्या ट्रेनने व्हिलफ्रांश, साडेअकरापर्यंत पोहा. मग सावलीतून जुन्या गावात चक्कर मारा, दुपारी नीसला परत, जुन्या गावात सोक्का, हॉटेलवर जाऊन झोपा. पाचला बसने काप-फेराच्या पासाब्ल बीचला, तो पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून ऊन शेवटपर्यंत मिळतं, समोर व्हिलफ्रांशच्या घरांमागे आकाशाला आधी पिवळा मग केशरी रंग चढतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ थांब्यावरच्या पाटीचा फोटो काढून आधीच ठेवून द्या, रात्री टॅक्सी मिळायला फार वेळ लागतो.